म्हातारपणी परदेशात राहायचं? राहा, पण भाड्याने



यंदा दशलक्षणात सातव्या दिवशी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय वाचून झाला आणि आम्ही बायका मंदिराच्या ओसरीत चपला शोधत उभ्या होतो. सातवा अध्याय म्हणजे व्रतांचा. डोक्यात अजून तेच घोळत होतं, तेवढ्यात एका काकूंनी बातमी दिली. त्यांच्या घराचा इसार झाला. दिवाळीनंतर खरेदीखत. पैसे अमेरिकेला जाणार, लेकाच्या नव्या घरात. "आमची खोली खालीच काढलीये, जिना नको म्हणून," काकू म्हणाल्या. सगळ्यांनी अभिनंदन केलं. मीही केलं. घरी येईपर्यंत मला त्या अभिनंदनाची लाज वाटायला लागली, कारण मला जे वाटत होतं ते मी तोंडावर बोलले नव्हते.

म्हणून इथे बोलते. काकू वाचतील, रागावतील, आणि तरी पुढच्या अष्टमीला माझ्याशेजारीच बसतील याची खात्री आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. म्हातारपणी लेकरांजवळ परदेशात राहावंसं वाटलं तर जरूर जा. पण मेहकरचं घर विकून तिकडे घर घेऊ नका, आणि त्यांच्या घरात आपलं घर ओतूही नका. राहायचं तर भाड्याने राहा, दोन खोल्या का असेनात, आणि इथलं कुलूप आपलं ठेवा.

आता हा विषय अचानक इतका का निघतोय, तेही सांगते. समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून गेला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला, जून २०२५ मध्ये थेट मुंबईपर्यंत. तेव्हापासून दलालांना आपल्या जुन्या वाड्यांचे आणि प्लॉटांचे पत्ते आपल्यापेक्षा जास्त पाठ झालेत. जे घर कोणी विचारत नव्हतं त्याला मागणी आली. आणि मागणी आली की माणसाला वाटतं, आता विकलं नाही तर चुकलं. त्यात लेकरू परदेशात, घरात दोघंच, वरचा मजला बंद. "इथं काय ठेवलंय आता?" हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की मला त्याची शिसारी आलीये. काय ठेवलंय म्हणजे? तुम्ही ठेवलंय ना सगळं!

आमच्याही घरी हेच झालं. मागच्या दिवाळीत लेकाचा फोन आला. तो न्यू जर्सीत आहे, एच-१बी व्हिसावर. घर घ्यायचं म्हणतोय. तो मागत नव्हता, खरं सांगते, फक्त सांगत होता. मागितलं ते यांनीच. फोन ठेवल्यावर म्हणाले, "आपलं घर काढून टाकू. त्याला हातभार होईल, आणि आपलीही कायमची सोय." 'कायमची सोय' हा शब्द ऐकून मी भाकरी तव्यावर तशीच ठेवून बाहेर आले. भाकरी करपली. मग तीन रात्री आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. हे निवृत्त शिक्षक, गणिताचे. त्यामुळे भांडणही आकड्यांत झालं, ते बरं झालं.

ते आकडे तुमच्यासमोर मांडते, कारण ओसरीत कोणी मांडत नाही.

समजा घर ९० लाखांना गेलं. आमचं घर १९९६ साली बांधलेलं, १ एप्रिल २००१ ची किंमत ६ लाख धरली. नफा झाला ८४ लाख. त्यावर साडेबारा टक्के कर, वर सेस, म्हणजे जवळपास ११ लाख. हाच नफा भारतात दुसऱ्या घरात घातला असता तर कर वाचला असता. पण २०१४ च्या अर्थसंकल्पापासून ही सवलत फक्त भारतातल्या घरासाठी आहे. परदेशात घर घ्या, नाहीतर लेकाच्या घराला द्या, कर पूर्ण. उरले ७९ लाख.

आता ते पाठवायचे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, तेवढे आपल्याकडे नाहीतच, त्यामुळे ती अडचण नाही. पण माणशी १० लाखांच्या वर पाठवलं की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस भरून घेते. हा पैसा बुडत नाही, आयकराचं रिटर्न भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. पण पाठवायच्या दिवशी तो आपल्या हातात नसतो. दोघांच्या खात्यातून पाठवले तरी ७९ लाखांतून तिकडे पोचतात साधारण ६९ लाख. डॉलर ८८ रुपये धरला तर पुरते ८० हजार डॉलरसुद्धा नाहीत.

इथे यांचं पेन थांबलं. कारण ८० हजार डॉलरमध्ये त्या भागात बसायला फ्लॅट येत नाही हो. त्यात येतं ते लेकाच्या घराचं डाउन पेमेंट. म्हणजे आपण घर विकून घर घेत नाही. आपण घर विकून दुसऱ्याच्या कर्जाचा पहिला हप्ता भरतो. तीस वर्षांच्या कर्जाचा. घर लेकाच्या आणि सुनेच्या नावावर, वर बँकेचा बोजा, आणि आपल्या नावावर खाली काढलेली खोली. त्या खोलीचा सातबारा नसतो.

लेक वाईट नसतो. मला हे ठासून सांगायचंय, कारण असा लेख लिहिला की लगेच 'कलियुगातली मुलं' सुरू होतं. आमच्या नात्यातल्या एका मावशींचं सांगते. त्यांनी अकोल्याचं घर विकून टेक्सासला लेकाच्या घराला पैसे दिले. लेक श्रावणबाळ, सून मायाळू, दोन वर्षं सोन्यासारखी गेली. मग लेकाची नोकरी गेली. एच-१बी वर नोकरी गेली की दुसरी शोधायला ६० दिवस मिळतात. नाहीतर दुसऱ्या कुठल्या व्हिसाची सोय करायची, नाहीतर देश सोडायचा. त्याला नाही मिळाली. घर घाईत विकलं. दलाली, खर्च आणि बँकेची बाकी जाऊन जे उरलं त्यात लेकाने बंगळूरला पुन्हा सुरुवात केली, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. दरम्यान काका गेले. मावशी आता अकोल्यात भावाच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहतात. भावाला भाडं देतात, तो नको म्हणतो तरी देतात. ज्या भाड्याला त्या आयुष्यभर नाकं मुरडत होत्या ते शेवटी चुकलं नाहीच. फरक एवढाच झाला की मधल्या काळात घर गेलं. यात दोष कोणाला द्याल? मी कोणालाच देत नाही. म्हणूनच म्हणते की चांगल्या लेकावरही एवढं ओझं टाकू नये.

आणि घर तिथे असलं म्हणजे तिथे राहता येतं, हा तर निव्वळ भ्रम. घर घेणं वेगळं, राहण्याचा हक्क वेगळा. अमेरिकेत तुम्ही दहा घरं घ्या, कोणी अडवत नाही. पण तुम्ही व्हिजिटर व्हिसावर असाल तर विमानतळावरचा अधिकारी साधारण सहा महिन्यांचा शिक्का मारतो, आणि तुमच्याच घरातून तुम्हाला पाहुण्यासारखं निघावं लागतं. आई-वडिलांना ग्रीन कार्डावर बोलवायचं तर लेकरू अमेरिकेचं नागरिक हवं, नुसतं ग्रीन कार्ड असूनही चालत नाही. आणि आपल्या भारतातल्या मुलांना नोकरीतून स्वतःचं ग्रीन कार्ड मिळायलाच दहा-दहा वर्षं आणि त्याहून जास्त लागतायत. मग नागरिकत्व, मग आपली कागदपत्रं. तोवर आपण कुठे असू ते केवली जाणे.

बाकीच्या देशांत तर घर घ्यायचीच पंचाईत. कॅनडाने १ जानेवारी २०२३ पासून परदेशी माणसाला शहरी भागात राहतं घर घ्यायला बंदी केली, ती १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवली. ऑस्ट्रेलियाने १ एप्रिल २०२५ पासून दोन वर्षं जुनं बांधलेलं घर परदेशी माणसाला बंद केलं. तिथे आई-वडिलांच्या साध्या व्हिसाची रांग तीस वर्षांच्या वर आहे. साठीच्या बाईने अर्ज करायचा आणि नव्वदीत बॅग भरायची. पैसे भरून लवकर नंबर लागतो म्हणतात त्यालाही माणशी त्रेचाळीस हजार डॉलरांच्या वर मोजावे लागतात आणि तरी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. याउलट कॅनडाचा सुपर व्हिसा बघा. आई-वडिलांना, आजी-आजोबांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, विमा काढावा लागतो, पण घर घ्यायची काही अट नाही. म्हणजे ज्या सरकारने तुम्हाला घर घ्यायला मनाई केली तेच सरकार राहायला या म्हणतंय!

दुबईचं मात्र वेगळं आहे, ते कबूल करते. तिथे २० लाख दिरहमचं घर घेतलं तर दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळतो. पण २० लाख दिरहम म्हणजे साडेचार कोटींच्या वर. माझ्या वाचक मैत्रिणींमध्ये ज्यांच्याकडे तेवढे पैसे मोकळे आहेत त्यांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल. त्यांच्याकडे सीए आहे.

थोडं पुढचंही बघू. समजा काही करून आपल्याच नावावर न्यू जर्सीत घर झालं. तिथली घरपट्टी ऐकून यांना ठसका लागला होता. २०२४ मध्ये तिथे सरासरी घरपट्टी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर गेली. पावणेनऊ लाख रुपये. दर वर्षी. आपली नगरपरिषद घरपट्टी वाढवते तेव्हा आपण मोर्चा काढायच्या गोष्टी करतो. दुसरं म्हणजे मरणानंतरचं. भारतात वारसा कर १९८५ मध्ये बंद झाला, त्यामुळे आपल्याला तो शब्दच माहीत नाही. अमेरिकेत, तिथे कायम न राहणाऱ्या परदेशी माणसाच्या नावावर घर असेल आणि तो गेला, तर फक्त ६० हजार डॉलरपर्यंत माफी, त्यावर चढत्या दराने ४० टक्क्यांपर्यंत कर. आपण लेकासाठी ठेवलेल्या घरावर लेकानेच कर भरायचा. जिवंतपणी विकायला गेलात तर विक्रीच्या किमतीतले १५ टक्के आधी कापून ठेवतात, हिशेब मागाहून. आणि इथे दर वर्षी आयकरात ते घर दाखवायचं, विसरलात तर दहा लाखांपर्यंत दंड. एवढं सगळं साठीनंतर कशाला अंगावर घ्यायचं?

औषधपाण्याचं तर बोलूच नका. ६५ वर्षांवरच्यांना तिथे सरकारी मेडिकेअर आहे, पण ग्रीन कार्ड घेऊन सलग पाच वर्षं राहिल्यावर. आणि आयुष्यभर तिथे नोकरी केलेली नसेल तर हप्ता पूर्ण भरायचा. २०२५ मध्ये तो दवाखान्याच्या भागाचा महिना ५१८ डॉलर आणि डॉक्टरच्या भागाचा १८५ डॉलर होता, दर माणशी. व्हिजिटर म्हणून गेलो तर प्रवासी विमा, आणि त्यात जुनी बीपी-शुगर बहुतेक वेळा धरतच नाहीत.

आता भाड्याकडे येते. आपल्या समाजात 'भाडेकरू' हा शब्द शिवीसारखा वापरतात. मुलगी बघायला गेलं की पहिला प्रश्न, घर स्वतःचं का? भाडं म्हणजे पाण्यात पैसा, असं माझे सासरे म्हणायचे, आणि त्यांच्या काळात ते खरंही होतं. दुकान चालवणाऱ्या माणसाला घर म्हणजे पत. पंचविशीतल्या माणसाने घर घ्यावं, हप्ते फेडावेत, साठीला मोकळं व्हावं. पण साठीला मोकळं झालेल्याने पुन्हा पंचविशीचा खेळ खेळायला दुसऱ्या देशात जायचं, हे कुठलं शहाणपण? भाड्याने आपण घर विकत घेत नाही, परतीची वाट विकत घेतो.

आमचा हिशेब सांगते. लेकाच्या घरापासून दहा मिनिटांवर एका गुजराती कुटुंबाच्या घराचा खालचा भाग मिळतोय. एक खोली, स्वयंपाकघर, वेगळं दार. महिना बाराशे डॉलर. चार महिन्यांचे ४,८०० डॉलर, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत. डोळे पांढरे होतात खरे. दर वर्षी झेपणार नाही, दोन वर्षांआड झेपेल. पण हेच सव्वाचार लाख त्या वर्षाच्या घरपट्टीच्या निम्मे आहेत, हे विसरू नका. आणि मेहकरचं घर जागेवर, वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवला तर त्याचं भाडं वेगळं.

"लेकाचं घर असताना बाहेर राहणार? लोक काय म्हणतील?" हे माझ्या नणंदेने विचारलं. लोक म्हणोत. डिसेंबरात तिथे साडेचारला सूर्य मावळतो. आपण इथे पावणेसहा-सहाला जेवून घेतो, तिथे चारला ताट वाढावं लागेल. लेक-सून साडेसहाला घरी येणार. जूनमध्ये उलट, साडेआठपर्यंत उजेड. ज्या बाईचा रात्रिभोजनाचा त्याग आहे, पाणी गाळून घ्यायचं आहे, कांदा-बटाटा-लसूण चालत नाही, तिने सुनेच्या फ्रीजमध्ये आणि सुनेच्या वेळापत्रकात आपलं व्रत कोंबायचं, आणि मग दोघींनी मनात कुढायचं? सुनेचं स्वयंपाकघर सुनेचं असू द्या. मला माझी एक शेगडी हवी. तिच्याकडे मी दुपारी जाईन, नातवाला घेईन, भाजी निवडून देईन आणि दिवेलागणीला माझ्या खोलीत परत येईन. माझी सून हे ऐकून काय म्हणाली माहीत आहे? काहीच नाही. पण दुसऱ्या दिवशी त्या खोलीचे फोटो तिनेच पाठवले.

आता धर्माचं. काही बायका म्हणतील, ही बाई जुन्या विचारांची, समुद्र ओलांडू नका म्हणतेय. मुळीच नाही. १८९३ साली वीरचंद गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला गेले, तेव्हा परत आल्यावर समाजातल्याच लोकांनी त्यांना विरोध केला होता. आज आपण त्यांच्या नावाने भाषणं करतो. त्या विरोध करणाऱ्यांच्या बाजूला मला बसायचं नाही. अमेरिकेत आता मंदिरं आहेत, न्यू जर्सीतच सिद्धाचलम तीर्थ १९८३ पासून आहे. आपले दिगंबर मुनी पायी विहार करतात, त्यामुळे तिथे चौका लावून आहार देण्याचं भाग्य नाही, हे मात्र मला खुपतं. पण ते माझं खुपणं.

दिग्व्रत काय सांगतं? श्रावकाने दहा दिशांना आपली मर्यादा आपणच आखून घ्यावी, नदी, डोंगर, समुद्र अशा सगळ्यांना माहीत असलेल्या खुणांनी. किती लांब आखायची ते ज्याचं त्याने ठरवावं. मर्यादा न्यू जर्सीपर्यंत असू दे. पण ती विचार करून आखलेली हवी, दलालाचा फोन आला म्हणून सरकलेली नको.

या ठिकाणी आमच्या यांनीच मला पेचात पकडलं होतं. म्हणाले, "परिग्रहाच्या यादीत क्षेत्र आणि वास्तू पहिलीच आहेत. तू मेहकरचं घर छातीशी धरून बसलीस, तो परिग्रह नाही का?" दोन दिवस मला उत्तर सुचलं नाही. खरंच आहे ते. या घराच्या पायरीवर माझं मन आहे, परसातल्या सीताफळावर आहे, आणि वस्तूपेक्षा वस्तूवरचं मनच बांधतं हे मलाही कळतं. तिसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, असेल परिग्रह, पण परिमाण घातलेला आहे. एक घर, बस. आणि मोह सोडायचाच असेल तर ते घर पाठशाळेला देऊ, चातुर्मासात येणाऱ्या साधर्मींना उतरायला देऊ. एक लहान घर विकून सातासमुद्रापलीकडे मोठं घर उभं करायला हातभार लावायचा आणि त्याला अपरिग्रह म्हणायचं, हे मला पटत नाही. ते गप्प बसले. पटलं म्हणून की दमले म्हणून, माहीत नाही.

एक गोष्ट आम्ही दोघंही विसरलो होतो आणि ती आठवून मला अजून अपराधी वाटतं. लेक. आमची मुलगी वाशीमला दिलीये. मला मागच्या पावसाळ्यात डेंग्यू झाला तेव्हा तीच आली, लहान पोर कडेवर घेऊन, अकरा दिवस राहिली. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला, आपल्या जैनांनाही तोच हिंदू वारसा कायदा लागतो. आमचं घर आम्हीच बांधलेलं, त्यामुळे कोणाला द्यायचं ते आमच्या हातात, हे खरं. पण हातात आहे म्हणून सगळं अमेरिकेला लोटायचं? तीन रात्रींच्या हिशेबात तिचं नाव एकदाही आलं नाही. ती बोलली नसतीच. मुली बोलत नाहीत, म्हणून तर आपण सोकावतो.

कायद्याचंच आणखी एक. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात सोय आहे की सांभाळ करण्याच्या अटीवर घर बक्षीस दिलं आणि सांभाळ झाला नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं, उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात, वकिलाशिवायसुद्धा. २ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने एका आईच्या बाजूने निकाल देताना हा कायदा म्हाताऱ्यांच्या हिताचा अर्थ लावूनच वाचायचा असं ठरवलं. पण हे सगळं इथल्या घराला. टेक्सासच्या घरात विरघळलेले पैसे आपल्या प्रांतसाहेबांना कुठून दिसणार?

आता माझी बाजू जिथे लंगडी पडते तेही लिहिते. दवाखाना. मेहकरला छातीत दुखलं तर रात्री गाडी काढून संभाजीनगर नाहीतर अकोला गाठावं लागतं, आणि तो वेळ सगळ्यांकडे नसतो. खरं आहे. पण त्याचं उत्तर न्यू जर्सी नाही. त्याचं उत्तर, पंचाहत्तरीनंतर संभाजीनगरला मोठ्या दवाखान्याजवळ दोन खोल्या भाड्याने घेणं. तिथेही भाड्यानेच! नाही जमलं तर समृद्धीवरून परत.

आणि ज्यांचं आयुष्यच तिकडे गेलं, जे तिथले नागरिक आहेत, त्यांना माझा लेख लागू नाही. फ्लोरिडात टॅव्हारेस गावी शांतिनिकेतन म्हणून भारतीय ज्येष्ठांची वसाहत आहे, शाकाहारी जेवणाची सोय, फ्लॅट विकत घेऊन राहतात. चांगलं आहे. त्यांची पेन्शन डॉलरमध्ये, मेडिकेअर हातात, मित्र तिथे. ते त्यांच्या गावात म्हातारे होतायत. आपणही आपल्या गावात व्हावं एवढंच मी म्हणते. एकट्या पडलेल्या बाईचा प्रश्न सगळ्यात अवघड. जिला इथे कोणीच उरलं नाही तिला जा म्हणण्याशिवाय मी काय म्हणणार? पण तिलाही सांगेन, पहिली दोन वर्षं घर विकू नकोस. कुलूप लाव, किल्ली भाचीकडे दे. दोन हिवाळे काढून बघ.

शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिराला वादापायी १९८१ पासून कुलूप होतं, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ते उघडलं. ४२ वर्षं. माझ्या सासूबाई दारावरूनच हात जोडून परत यायच्या. पण देव होते तिथेच होते, म्हणून दार उघडल्यावर मी आत जाऊ शकले. कुलूप लावलेलं घर आणि विकलेलं घर यात हा फरक आहे.

परवा दुपारी दलालाचा पुन्हा फोन आला. फोन यांनी घेतला. मी समोरच तूर निवडत बसले होते. ते बराच वेळ ऐकत राहिले, मग म्हणाले, "घर दोघांच्या नावावर आहे. तिची सही लागेल, तिलाच विचारा," आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडून आवाज आला, "ताई, भाव अजून वाढवतो." मी त्याला विचारलं, वरचा मजला भाड्याने द्यायचाय, एखादं चांगलं, शाकाहारी कुटुंब आहे का नजरेत?